मोटर उडवण्याआधी जमिनीवर का पेटवायची आणि त्यातून काय वाचायचं

आधी प्रश्न काय होता ते सांगतो. पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या मुलामुलींच्या गटाने घन इंधनाच्या मोटरीचं डिझाइन केलं आहे. ओपनमोटर या सॉफ्टवेअरमध्ये सिम्युलेशन झालंय आणि दाब, थ्रस्ट (मोटर देते तो धक्का) सगळं मर्यादेत दिसतंय. स्पर्धा दोन महिन्यांवर आली आहे. त्यांनी विचारलंय, "जमिनीवरच्या चाचणीत एक मोटर आणि तीन आठवडे घालवणं खरंच गरजेचं आहे का? की थेट रॉकेटमध्ये बसवून उडवली तर चालेल?"

गरजेचं आहे. शिवाय एका मोटरीवर भागणार नाही, निदान तीन लागतील. तीन आठवडे नसतील तर यंदा बाजारातली प्रमाणित मोटर वापरून रॉकेट उडवा आणि स्वतःची मोटर पुढच्या वर्षीसाठी ठेवा.

मी मूळचा नाशिकचा, नोकरीनिमित्त दक्षिण कॅलिफोर्नियात आलो आणि गेली अठरा वर्षं मोहावीच्या वाळवंटात मोटरी पेटवतो आहे. इथेसुद्धा हे कुणीही कुठेही करू शकत नाही. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री ही इथली हौशी रॉकेटवाल्यांची संघटना स्वतः बनवलेल्या मोटरींना परवानगीच देत नाही. ट्रायपोली रॉकेट्री असोसिएशन ही दुसरी संघटना देते, पण फक्त त्यांच्या रिसर्च कार्यक्रमांत आणि लेव्हल २ प्रमाणपत्र असलेल्यांनाच. भारतात तर इंधन बनवणं, बाळगणं, वाहून नेणं हे १८८४ चा स्फोटक कायदा आणि २००८ चे स्फोटक नियम यांच्या कक्षेत येतं. त्याचा कारभार पाहणाऱ्या पेसो या सरकारी संस्थेचं मुख्यालय तुमच्या नागपूरलाच आहे. म्हणून हॉस्टेलच्या खोलीत किंवा कुणाच्या शेतावर हे करायचं नाही. महाविद्यालयाच्या नावाने, लेखी परवानगीने आणि परवानाधारक जागेत, तिथल्या जबाबदार माणसाच्या देखरेखीखालीच करायचं. इंधनाची कृती आणि प्रमाणं मी इथे देणार नाही. ती शिकायची तर अशा माणसाच्या शेजारी उभं राहूनच शिकायची.

आता सिम्युलेशनकडे येऊ, कारण तुमचा सगळा भरवसा त्याच्यावर आहे.

ओपनमोटर उत्तम सॉफ्टवेअर आहे, मीही वापरतो. पण ते गणित करतं ते तुम्ही भरलेल्या आकड्यांवर. त्यातले दोन आकडे सगळ्यात महत्त्वाचे, ज्वलनवेगाच्या सूत्रातले ए आणि एन. इंधनाचा पृष्ठभाग सेकंदाला किती मिलिमीटर जळत आत सरकतो ते दाबावर अवलंबून असतं, आणि हे नातं म्हणजे वेग = ए × (दाब)ⁿ. हे ए आणि एन तुम्ही कुठून घेतले? इंटरनेटवरच्या कुणाच्या तरी तक्त्यातून घेतले असणार. त्या माणसाने कण किती बारीक दळले, मिश्रणात किती ओल राहिली, किती हवा अडकली, हे तुम्हाला माहीत नाही. तुमच्या इंधनाचे ए आणि एन तुमच्याच मोटरी जमिनीवर पेटवून काढावे लागतात. म्हणजे सिम्युलेशनला लागणारी माहिती ज्या चाचणीतून मिळते, तीच चाचणी सिम्युलेशनच्या भरवशावर वगळायचा तुमचा विचार आहे.

हे आकडे किती नाजूक असतात ते हिशेबाने दाखवतो. जळणाऱ्या पृष्ठभागाचं क्षेत्रफळ भागिले थ्रोटचं क्षेत्रफळ, या गुणोत्तराला केएन म्हणतात. थ्रोट म्हणजे नोझलचा, वायू बाहेर सोडणाऱ्या तोटीचा, सर्वांत अरुंद भाग. मोटरमधला दाब केएनच्या १/(१−एन) इतक्या घाताच्या प्रमाणात वाढतो. समजा तुमचा थ्रोट १० मिमीचा आहे आणि त्यात थोडी मळी जमून तो साडेनऊ मिमी झाला. अर्धा मिलिमीटर म्हणजे नखाच्या जाडीएवढा फरक. थ्रोटचं क्षेत्रफळ जवळपास १० टक्क्यांनी घटलं, केएन साधारण ११ टक्क्यांनी वाढला. एन ०.३ असेल तर दाब सुमारे १६ टक्के वाढेल, बहुधा केसिंग, म्हणजे मोटरचं बाहेरचं नळकांडं, ते सोसेल. एन ०.७ असेल तर तोच दाब ४० टक्के वाढेल. मोटर तीच, मळीही तेवढीच, पण एकदा सगळं ठीक जाईल आणि एकदा तुकडे उडतील. तुमचा एन ०.३ आहे की ०.७ हे सॉफ्टवेअर सांगू शकत नाही, कारण तो आकडा त्यात तुम्हीच टाकलेला आहे.

आणि हे फक्त हौशी लोकांच्या बाबतीत घडतं असं नाही. १ एप्रिल १९९१ रोजी अमेरिकेतल्या एडवर्ड्स हवाई तळावर टायटन ४ रॉकेटसाठीच्या नव्या, सुधारित घन मोटरीची पहिली पूर्ण आकाराची जमिनीवरची चाचणी झाली. प्रज्वलनानंतर दोन सेकंदांच्या आत मोटर फुटली. कारण शोधताना कळलं की आतल्या वायूच्या प्रवाहाने ग्रेन, म्हणजे घन इंधनाचा घडवलेला ठोकळा, थोडा वाकत होता, त्यामुळे वायूची वाट अरुंद होत होती, दाब आणखी वाढत होता आणि ग्रेन आणखी वाकत होता. ग्रेन आणि प्रवाह यांचं हे एकमेकांवर चढत जाणं आधीच्या गणितांत धरलेलंच नव्हतं. ग्रेनच्या कडेचा आकार बदलला, तेव्हा पुढच्या चाचण्या यशस्वी झाल्या. तिथे चाचणीचा स्टँड गेला. हेच उड्डाणात झालं असतं तर काय गेलं असतं याचा विचार करा.

इस्रोनेही एस२०० ही घन इंधनाची मोठी मोटर उडवण्याआधी श्रीहरिकोट्याला २४ जानेवारी २०१० ला पहिली आणि ४ सप्टेंबर २०११ ला दुसरी चाचणी घेतली. ती मोटर लावलेलं रॉकेट प्रत्यक्ष उडालं डिसेंबर २०१४ मध्ये. पुढे गगनयानासाठी त्याच मोटरीची माणसांना नेण्याच्या दर्जाची आवृत्ती केली, तेव्हा उडून सिद्ध झालेली रचना असूनही १३ मे २०२२ ला पुन्हा जमिनीवर पेटवली. २०३ टन इंधन १३५ सेकंद जळलं आणि त्या वेळात सुमारे ७०० मोजमापं नोंदली गेली. एवढी मोजमापं कशाला, असं वाटेल. कारण जमिनीवर पेटवण्याचा हेतूच मोजणं हा आहे. नवे लोक मोटर पेटली, ज्वाळा निघाली, व्हिडिओ छान आला म्हणून खूश होतात. ज्वाळेवरून काहीही कळत नाही. तुम्हाला हवा आहे तो वेळेनुसार थ्रस्टचा आणि शक्य असेल तर दाबाचाही आलेख.

तर स्टँड. लहान मोटरींसाठी मला उभा स्टँड आवडतो, नोझल वर आणि डोकं खाली. थ्रस्ट जमिनीकडे ढकलतो, त्यामुळे काही सुटलंच तर मोटर जमिनीत घुसायला बघते. आडव्या स्टँडमध्ये मोटर रुळावर सरकते, तिथलं घर्षण तुमच्या थ्रस्टमधून चोरी करतं आणि ती चोरी दर वेळी वेगळी असते. पण उभ्या स्टँडमध्ये एक गोष्ट हमखास विसरली जाते. मोटरचं डोकं, म्हणजे फॉरवर्ड क्लोजर, उडून गेलं तर वायू खाली निघतो आणि केसिंग वर झेपावतं. मोटर खाली दाबून धरणारा स्टँड सगळेच बनवतात, तिला वर जाऊ न देणारा फार थोडे बनवतात.

हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. २०११ च्या मार्चमधली, ५४ मिमीची, चार ग्रेनची मोटर होती. सकाळी जुळणी करताना तिसऱ्या ग्रेनच्या टोकाला इंधन आणि त्याभोवतीची कागदी नळी यांच्यामध्ये केसाएवढी फट दिसली होती. मी अंगठा दाबून पाहिला, काही हललं नाही, आणि तो ग्रेन तसाच आत सारला. दुपारी पेटवली. आलेखावर पहिले ०.६ सेकंद सॉफ्टवेअरच्या रेषेवर अगदी बरोबर गेले. मग एक बारीक उंचवटा, आणि पुढच्या ४० मिलिसेकंदांत थ्रस्ट दुप्पट होऊन थेट शून्य. फॉरवर्ड क्लोजरने खालच्या पोलादी पट्टीत वाटीसारखा खळगा पाडला. केसिंग पट्ट्यातून निसटून वर गेलं आणि साठेक मीटरवर वाळूत रुतलं. आम्ही सगळे काँक्रीटच्या आडोशामागे होतो, कुणाला काही झालं नाही. झालं होतं असं की ज्योत त्या फटीतून ग्रेनच्या बाहेरच्या बाजूला शिरली. जी बाजू जळायचीच नव्हती ती जळायला लागली, आणि केएन क्षणात वाढला. तेव्हापासून माझ्या टेबलावर एक नियम आहे. ज्या ग्रेनबद्दल शंका आली तो परत हातात घेऊन तपासायचा नाही, सरळ बाजूला ठेवायचा.

लोड सेल, म्हणजे थ्रस्ट मोजणारा सेन्सर, एस आकाराचा घ्या किंवा पट्टीचा, अपेक्षित कमाल थ्रस्टच्या दुप्पट क्षमतेचा. खरी गडबड पुढे होते. लोड सेलचे आकडे नोंदवायला बहुतेक सगळे स्वस्तातलं एचएक्स७११ हे बोर्ड घेतात. चांगलं आहे, मी वाईट म्हणत नाही. पण ते मुळात वजनकाट्यासाठी बनलेलं आहे. बाजारात मिळणारी बोर्डं सहसा सेकंदाला १० नोंदींवर ठेवलेली असतात. दोन सेकंद जळणाऱ्या मोटरचे तुम्हाला २० ठिपके मिळतील. प्रज्वलनाचा झटका ३०-४० मिलिसेकंदांचा असतो, तो दोन ठिपक्यांच्या मधे निघून जाईल आणि तुम्हाला वाटेल झटका आलाच नाही. बोर्डवरची एक जोडणी बदलली की ते सेकंदाला ८० नोंदी देतं. तेवढ्यावर एकूण आवेग, म्हणजे पूर्ण ज्वलनातला एकंदर धक्का, बरा मिळतो, झटका तरीही नीट दिसत नाही. शक्य असेल तर सेकंदाला किमान ५००, जमलं तर १००० नोंदी देणारं बोर्ड घ्या आणि नोंद स्टँडपाशीच मेमरी कार्डवर करा. वायरलेसवर विसंबू नका, नेमक्या हव्या त्या क्षणी ते तुटतं.

कॅलिब्रेशन घरी टेबलावर करून येऊ नका. स्टँड जिथे उभा राहील तिथे, त्याच बोल्टवर, त्याच केबलने, माहीत असलेली वजनं ठेवून करा. ५, १०, २० किलो चढवत न्या, मग उतरवत आणा. चढताना आणि उतरताना आकडे वेगळे येत असतील तर कुठेतरी काहीतरी घासतंय. मग रबरी हातोडीने स्टँडच्या माथ्यावर एक टोला द्या आणि त्याची नोंद घ्या. स्टँड घंटेसारखा थरथरतो, त्या थरथरीची वारंवारता तुम्हाला कळते. पुढे आलेखावर करवतीसारखे दाते दिसले तर ते मोटरचे आहेत की स्टँडचे, हे त्या टोल्याच्या नोंदीवरून ठरवता येतं. हा टोला द्यायला मिनिटही लागत नाही, तरी देणारे कमी. मी कितीतरी जणांना स्टँडच्या थरथरीला ज्वलनातली अस्थिरता समजून आठवडे वाया घालवताना पाहिलं आहे.

उभ्या स्टँडवर आणखी एक हिशेब लागतो. सुरुवातीला मोटरचं वजन शून्य धरता, पण इंधन जळून जातं तसं वजन घटतं. ४०० ग्रॅम इंधन असेल तर शेवटी आलेख शून्याखाली जवळजवळ ४ न्यूटनवर जाऊन थांबला पाहिजे. तसा थांबला नाही तर एक तर शून्य सरकलंय किंवा इंधन पूर्ण जळलेलं नाही. मोटर आधी आणि नंतर तराजूवर ठेवा, उत्तर तिथेच मिळेल.

आलेख हातात आला की त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे एकूण आवेग. समजा सरासरी २५० न्यूटन, २ सेकंद. आवेग ५०० न्यूटन-सेकंद, म्हणजे आय वर्गाची मोटर, कारण तो वर्ग ३२० ते ६४० चा. ४०० ग्रॅम इंधनावर भागून आणि ९.८१ ने भागून विशिष्ट आवेग, म्हणजे इंधनाच्या वजनामागे मिळालेला आवेग, सुमारे १२७ सेकंद येतो. हा आकडा सॉफ्टवेअरपेक्षा बराच कमी आला तर आधी दाब बघा. दाब कमी असेल तर ज्वलनवेगाचा आकडा चुकला आहे. दाब ठीक आणि थ्रस्ट कमी असेल तर दोष नोझलमध्ये. म्हणूनच मी दाबमापकाचा आग्रह धरतो. फक्त थ्रस्टवरून या दोन्ही गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. दाबमापकाकडे जाणाऱ्या बारीक नळीत ग्रीस भरून ठेवा, नाहीतर पहिल्याच मोटरीत गरम वायू सेन्सर खाऊन टाकेल.

आकारही वाचायला शिका. शेपटी हळूहळू उतरत असेल तर ग्रेन सारखे जळलेले नाहीत, एखादा आधी संपला. मधेच टोकदार शिखर येऊन परत खाली गेलं तर एखादा तुकडा निसटून नोझलमधून गेला असेल. प्रज्वलनाआधीच्या धुमसण्यात सेकंद दीड सेकंद गेलं तर इग्नायटर, म्हणजे मोटर पेटवणारी काडी, कमी पडतोय, आणि तो त्या दिवशी पेटला म्हणून उड्डाणाच्या दिवशी पेटेलच असं नाही.

केसिंगबद्दल एकच सांगतो आणि यावर वाद घालू नका. नळकामाचा लोखंडी पाइप, टोकाला आट्यांचं झाकण, असलं काहीही कधीही वापरायचं नाही. ते फुटलं की बॉम्बसारखं फुटतं. पीव्हीसी पाइपही नको, त्याचे तुकडे एक्स-रेमध्ये नीट दिसत नाहीत, म्हणून डॉक्टरांना अंगातून शोधून काढणं अवघड जातं. ताण आल्यावर फाटून उघडणारं ॲल्युमिनियम वापरतात त्याचं कारण हेच. इंधन भरण्याआधी रिकामं केसिंग, क्लोजर आणि ओ-रिंगसकट, पाण्याने भरून अपेक्षित कमाल दाबाच्या दीडपट दाबावर तपासा. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे केसिंग फाटलं तरी पाणी गळून जातं, स्फोट होत नाही. अमेरिकेचं चॅलेंजर हे अवकाशयान ज्याच्यामुळे २८ जानेवारी १९८६ ला गेलं त्या बूस्टरच्या सांध्याचं दाबाखाली उघडणं १९७७ मध्ये अशाच पाण्याच्या चाचणीत दिसलं होतं. तरी ते वेळीच दुरुस्त झालं नाही. त्यामुळे चाचणीत दिसलेल्या गोष्टीचं पुढे काय केलं, हेही लिहून ठेवा.

चाचणीच्या दिवशी स्टँडजवळ दोनच माणसं, बाकी सगळे १०० मीटरपलीकडे आणि आडोशामागे. इग्नायटर सर्वांत शेवटी बसवायचा, तोवर त्याच्या दोन्ही तारा एकमेकींना पिळून ठेवायच्या. प्रज्वलन फक्त विजेवर, आणि पेटीची किल्ली जो स्टँडपाशी जातो त्याच्या खिशात. बटण दाबून काही झालं नाही तर किल्ली काढा आणि थांबा. हौशी रॉकेटसाठी नियमांत ६० सेकंद आहेत. स्वतःच्या बनावटीच्या मोटरीसाठी मी घड्याळ लावून पंधरा मिनिटं थांबतो. त्या पंधरा मिनिटांत कुणीतरी "मी पटकन बघून येतो" म्हणतंच. त्याला अडवायचं काम आधीच एका व्यक्तीला नेमून द्या, आणि ती व्यक्ती मोटर बनवणाऱ्यांपैकी नको.

आता तीन मोटरी का, ते सांगतो. एक चालली तर ती एक चालली, एवढंच कळतं. तीन चालल्या आणि तिन्ही आलेख एकमेकांवर ठेवून जुळले, तर तुमची पद्धत स्थिर आहे असं म्हणता येतं. पहिल्या दोन लगेच पेटवा. तिसरी किमान तीन आठवडे ठेवून द्या, शेवटी उड्डाणाच्या जागी न्याल तशीच गाडीतून हलवा, आणि मग पेटवा. याचं कारण माझ्या घरापासून अर्ध्या तासावर, पॅसाडेनाच्या अरोयो सेकोत सापडतं. तिथे फ्रँक मॅलिना हा रॉकेट संशोधक आणि त्याच्या सोबत्यांनी ३१ ऑक्टोबर १९३६ ला पहिली मोटर पेटवून पाहिली. शेवटच्या प्रयत्नात ऑक्सिजनची नळी पेटून जमिनीवर सापासारखी वळवळायला लागली आणि सगळे पळाले. पण जानेवारी १९३७ मध्ये तीच रचना ४४ सेकंद चालली. त्याच गटाने पुढे विमानांना उड्डाणात मदत करणाऱ्या घन मोटरी बनवल्या. ऑगस्ट १९४१ मध्ये मार्च फील्डवर एका छोट्या अर्कूप विमानावर त्या यशस्वी झाल्या. त्या मोटरी ताज्या होत्या. काही दिवस साठवलेल्या मोटरी मात्र फुटू लागल्या, कारण दिवस-रात्रीच्या तापमानाने इंधनाला बारीक भेगा पडत होत्या आणि ते भिंतीपासून सुटत होतं. त्यातूनच पुढच्या वर्षी डांबरात बांधलेलं चिवट नवं इंधन आलं.

तुमची मोटर पुण्यात बनेल, ट्रकमधून उन्हातून जाईल, पावसाळ्यानंतरच्या दमट हवेत दोन दिवस पडून राहील. तिसरी मोटर त्या सगळ्यातून गेलेली असली पाहिजे. पेटवण्याआधी तिचं तापमान नोंदवा. उन्हात तापलेलं इंधन वेगाने जळतं, आणि सकाळी सात वाजता मिळालेला दाब दुपारी दोन वाजता तसाच मिळणार नाही.

पहिल्या चाचणीचा कच्चा डेटा मला पाठवा, गुळगुळीत केलेला नको. सोबत कॅलिब्रेशनच्या वजनांची नोंद, हातोडीच्या टोल्याची फाइल, चाचणीआधी आणि नंतर मोजलेला थ्रोटचा व्यास, आणि जळालेल्या लायनरचे, म्हणजे केसिंगच्या आतल्या अस्तराचे, दोन्ही टोकांकडचे फोटो. लायनर एका बाजूला जास्त जळला असेल तर त्या फोटोशेजारी मोटर स्टँडमध्ये कोणत्या बाजूने बसवली होती ते लिहा, ते कुणी लिहीत नाही आणि मला सर्वांत आधी तेच विचारावं लागतं.